इंजिनाचा जबाब

‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ ही उक्ती कोणी काढली, कोणत्या मनःस्थितीत काढली आणि परभणीच्या गौरवासाठी काढली की जर्मनीच्या उपहासासाठी, याविषयी आमच्या जिल्ह्यात भरपूर मतभेद असून ते मिटावेत अशी कोणाचीही मनापासून इच्छा नाही; परंतु जिंतूर, मानवत किंवा गंगाखेड येथील एखाद्या गॅरेजात उभ्या असलेल्या जुन्या जीपचे बॉनेट उचलून आत पाहण्याचा योग ज्याला आला असेल, त्याला ह्या उक्तीत निदान भौगोलिक अतिशयोक्ती तरी आढळणार नाही. जीप मूळची अमेरिकन कुळातील, जुळणी मुंबईची, पुढचे पाटे परभणीत चढवलेले, हुडाचे कापड नांदेडचे, आणि हा सर्व प्रपंच ओढणारे इंजिन मात्र मर्सिडिझ-बेंझच्या आराखड्याबरहुकूम पुण्याकडे घडलेले. बजाज टेम्पो कंपनी ज्याचा परवाना घेऊन मॅटॅडोरसाठी बांधीत असे, ते हे ओ. एम. ६१६ नावाचे २.४ लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन युरोपात १९७३ पासून ‘२४० डी’ ह्या मोटारीतून मोठ्या इतमामाने फिरत होते; इकडे मॅटॅडोर मोडीत निघाल्यावर तेच तिच्या कलेवरातून उपसले जाऊन सेलू-पाथरी रस्त्यावरच्या जीपमध्ये दाखल झाले आणि चौदा उतारू, दोन शेळ्या व टपावरील खताची पोती यांसह, कुरकूर न करता, किंबहुना निव्वळ कुरकूर करीत, चालू राहिले.

हे अवयवरोपण लोकांनी हौसेखातर केले असे समजणे म्हणजे मराठवाड्यातील माणसाच्या हिशेबीपणाचा अपमान करणे होय. १९४७ साली महिंद्र मंडळींनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि त्या जीपच्या पोटी कालांतराने आलेले २.२ लिटरचे ‘हरिकेन’ नावाचे पेट्रोल इंजिन हे नावाप्रमाणेच वादळी असले, तरी त्याची तहान किती आहे ह्याचा बोध जीप सरकारी नोकरीत असेतोवर कोणालाच झाला नाही; कारण तहसिलीची, पाटबंधाऱ्याची किंवा बांधकाम खात्याची जीप पेट्रोल पीत नसते, ती ‘तरतूद’ पीत असते. पुढे यथाकाल निर्लेखनाचा हुकूम निघून तीच जीप लिलावात एखाद्या बागायतदाराच्या पदरी पडली, की पंपावर स्वतःच्या खिशात हात घालताना त्याला पहिला साक्षात्कार होई. त्या काळी शेतकरी आणि मालवाहतूक यांच्या नावाने डिझेलचा भाव सरकार हेतुपुरस्सर खाली ठेवीत असल्यामुळे पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांत जी दरी होती, तिच्यातून अख्खी जीप सुखरूप पार पडू शकेल हे चाणाक्ष लोकांच्या ध्यानात येण्यास विलंब लागला नाही.

लोक ज्याकडे वळले त्या डिझेल इंजिनाचा जनक रुडोल्फ डिझेल हा गृहस्थ जर्मन आईबापांच्या पोटी १८५८ मध्ये पॅरिसला जन्मला, आणि त्याचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एका कंपनीने हे इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले, ही वार्ता आमच्याकडे वेळेवर पोहोचली असती, तर मानवतच्या बाजारपेठेचा इतिहास कदाचित निराळा झाला असता. १९१३ च्या सप्टेंबरात अँटवर्पहून इंग्लंडकडे जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ नावाच्या आगबोटीवरून तो एका रात्री नाहीसा झाला. त्याच्या अंताविषयी पुष्कळ तर्क झाले. एका मिस्त्रींचा तर्क असा, की कोणीतरी गिऱ्हाईक ॲव्हरेजची तक्रार घेऊन बोटीवर आले असावे.

आता जुन्या जीपमध्ये घालावयाचे कोणते, ह्या प्रश्नावर जिल्ह्यात तीन पंथ आहेत. पहिला पंथ प्यूजोवाल्यांचा. महिंद्र कंपनीने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्स. डी. पी. ४.९० ह्या इंजिनाचा परवाना घेतला. सिलिंडर चार आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एवढा सरळ अर्थ त्या नावात भरलेला असून त्याचा आवाज नरम, चाल गोड आणि स्वभाव नाजूक. ज्याला आमच्याकडे ‘डीपी’ म्हणतात ते हेच. दुसरा पंथ ‘डीआय’वाल्यांचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या घराण्यातून आलेल्या आणि लोक ज्याला अजून ‘इंटरनॅशनल’च म्हणतात त्या इंजिनाचा, हे सुरू झाल्यावर जीपमधील माणसे एकमेकांशी बोलणे बंद करतात, पण हिवाळ्यात हीटर प्लगची मनधरणी न करता ते उठते आणि चढावर कोणाचे उपकार घेत नाही. तिसरा पंथ अर्थातच मॅटॅडोरवाल्यांचा, आणि तो जर्मनीच्या अभिमानामुळे काहीसा कडवा आहे. ह्याखेरीज मद्रासच्या सिम्पसनचे पर्किन्स पसंत करणारे जुने जाणते लोक आहेत. आणि ॲम्बॅसेडरचे १४८९ घन सेंटीमीटरचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसवण्याचा विचार करणारेही काही आहेत, पण त्यांच्या घरची मंडळी त्यांना समजावतात.

पंथ ठरला म्हणजे प्रत्यक्ष वस्तूचा शोध सुरू होतो. इंजिन मिळण्याची स्थाने मुख्यतः तीन : लिलाव, अपघात आणि भंगार. लिलावाच्या इंजिनाचे वैगुण्य असे, की खात्याने ते निर्लेखित करण्यापूर्वी त्यातील जे जे काढण्यासारखे होते ते ते कागदावर राहून प्रत्यक्षात अन्यत्र गेलेले असते. भंगारातील इंजिन म्हणजे हैदराबादेहून किंवा मुंबईच्या कुर्ल्याहून आलेला, ग्रीस आणि काजळी यांनी काळवंडलेला एक अनाम लोखंडी गोळा. त्याचा पूर्वेतिहास विक्रेत्यालाच ठाऊक नसल्यामुळे तो वाटेल तो इतिहास अत्यंत प्रामाणिकपणे सांगू शकतो. सर्वांत श्रेष्ठ इंजिन अपघातातले, हे क्रूर वाटले तरी शास्त्रशुद्ध मत आहे. कारण ज्या गाडीचा सांगाडा दुमडला ती त्या क्षणापर्यंत स्वतःच्या इंजिनाच्या बळावर धावत होती, एवढा तरी निर्विवाद पुरावा त्या पंचनाम्यात असतो. जे इंजिन धडधाकट गाडीतून उतरवून गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवलेले आहे, त्याच्याविषयी मात्र पहिला प्रश्न हाच विचारावा, की एवढे ते गुणी होते तर ते उतरवले कशासाठी? ह्या प्रश्नावर विक्रेता बहुधा चहा मागवतो.

विक्रेत्यांची भाषा ठरावीक असते. इंजिन ‘सीलपॅक’ असते, म्हणजे आजवर कोणी उघडलेले नसते. ते ‘एकहाती’ असते. ते ज्यांच्या गाडीत होते ते हटकून डॉक्टर असतात. परभणी जिल्ह्यातील ‘डॉक्टरांची गाडी’ म्हणून विकल्या गेलेल्या इंजिनांची गणती केली, तर येथील आरोग्यव्यवस्थेविषयी फारच आशादायक चित्र उभे राहील. वक्तृत्वाची ही जुळवाजुळव चालू असताना खरा अनुभवी ग्राहक काहीच बोलत नाही. तो आपल्याबरोबर एक उस्ताद घेऊन आलेला असतो.

उस्ताद ही पदवी आहे. तिला विद्यापीठ नाही आणि निवृत्तीही नाही. पूर्वी पूर्णा जंक्शनवर मीटरगेजच्या गाड्यांची वर्दळ असताना, वाफेच्या इंजिनाचा नुसता श्वास ऐकून त्याचे दुखणे सांगणारी माणसे तेथील लोकोशेडमध्ये होती, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांनी पुढे डिझेलच्या गॅरेजांत ती विद्या आणली, असे जुने लोक सांगतात. उस्तादांची पहिली कृती म्हणजे इंजिनाच्या हेडवर तळहात ठेवणे. त्यात आशीर्वाद नसून तपास असतो. हेड कोमट लागले तर विक्रेत्याने ग्राहक येण्यापूर्वीच इंजिन सुरू करून तापवून ठेवले आहे हे उघड होते, आणि तेथेच उस्ताद एका दगडावर बसून बिडी पेटवतात व म्हणतात, “थंड होऊ द्या, मालक. आमाला घाई नाही.”

ह्या थंडपणाच्या आग्रहामागे यंत्रशास्त्राचे मर्म दडलेले आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवायचे असते. जीपच्या त्या जुन्या हरिकेनात हवा जेमतेम सातपट दाबली जाई, आणि रिंगा झिजल्या तरी प्लगच्या भरवशावर ते इंजिन कसेबसे का होईना, दिवस ढकलीत असे. डिझेलला ठिणगी नाही. मॅटॅडोरच्या इंजिनात हवा सुमारे एकवीसपट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते, आणि त्या तप्त हवेत नोझलमधून तेलाची फवार पडली म्हणजे ते आपोआप पेट घेते. लायनर झिजला, रिंगा ढिल्या पडल्या किंवा व्हॉल्व्ह बसेनासे झाले, की हवा निसटते, दाब घटतो, आणि गारठ्याच्या पहाटे इंजिन उठत नाही. दुपारी उन्हात मात्र तेच इंजिन सद्गृहस्थासारखे पहिल्या हाकेला ओ देते. म्हणून परभणीत इंजिन वैशाखात कधीही घेऊ नये. पौषात, जेव्हा कृषी विद्यापीठातील किमान तापमानाचा आकडा साऱ्या मराठवाड्याला हुडहुडी भरवीत वर्तमानपत्रांत छापून येतो, तेव्हा सकाळी सहा वाजता जाऊन, हँडल स्वतःच्या हाताने मारून ते पारखावे. वैशाखात आमच्याकडे काय पेट घेत नाही!

इंजिन सुरू झाले म्हणजे त्याचा जबाब सुरू होतो, आणि येथे उस्ताद सर्वांना गप्प करतात. एका सौद्याच्या वेळी मालक आणि विक्रेता यांची एकाच वेळी चाललेली बडबड थांबवताना उस्ताद म्हणाले, “इंजिन बोलायलंय, पन तुमीच मधी बोलायलात.” जबाबाचा पहिला भाग धुराचा. काळा धूर म्हणजे तेल अधिक आणि हवा कमी. नोझल थुंकत आहे किंवा पंपाचे कॅलिब्रेशन बिघडले आहे. हा गुन्हा दखलपात्र असला तरी जामीन मिळण्याजोगा आहे, कारण पूर्वी मायको म्हणवणारी कंपनी १९५१ पासून बंगळुरात असून तिच्या पंपाचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. पांढरा धूर थंडीत क्षणभर निघाला तर क्षम्य. निघतच राहिला तर तेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरते आहे. आणि निळा धूर निघाला की उस्ताद उठून उभे राहतात; कारण निळा धूर म्हणजे मोबिल ऑइल जळते आहे, म्हणजे रिंगा गेल्या, म्हणजे बोअर करा, पिस्टन घाला, क्रँक ग्राइंड करा, म्हणजे इंजिन घेऊन दुसरे इंजिन बांधा.

दुसरा भाग मोबिलच्या झाकणाचा. चालत्या इंजिनाचे झाकण काढून ते उलटे करून तेथेच ठेवायचे. ते जागच्या जागी थरथरले तर ठीक, उडून पडले तर सिलिंडरांतील दाब पिस्टनच्या कडेने खाली निसटतो आहे, ज्याला गॅरेजात ‘बॅक कम्प्रेशन’ म्हणतात. हुशार विक्रेते ह्या झाकणाची आठवण होऊ नये म्हणून त्याच वेळी नव्या बॅटरीचे गुणगान सुरू करतात. मग डिपस्टिक. तिच्यावरचे ऑइल अगदी ताजे आणि मधासारखे दाट असेल, तर उस्ताद ते दोन बोटांत चोळून हसतात; बेअरिंगची खडखड दाबण्यासाठी १४० नंबरचे गिअर ऑइल ओतण्याची युक्ती त्यांनी स्वतःच्या उमेदीच्या काळात, अर्थात दुसऱ्यांच्या सांगण्यावरून, केलेली असते. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर हेड गॅस्केट गेले आहे, आणि रेडिएटरात बुडबुडे येत असतील तर तोच जबाब दुसऱ्या साक्षीदाराने दिला आहे असे समजावे.

सर्वांत रसाळ भाग उलटतपासणीचा. उस्ताद पाना घेऊन एकेका नोझलच्या पाइपाचे नट क्रमाक्रमाने ढिले करतात. ज्या सिलिंडरचे तेल तोडताच इंजिन लंगडू लागते तो सिलिंडर कष्टाळू, आणि ज्याचे तेल तोडूनही इंजिनाच्या चालीत तिळमात्र फरक पडत नाही तो केवळ हजेरीपटावरचा. कचेरीतील कोण काम करतो हे जाणण्यासाठी एकेका कारकुनास आळीपाळीने रजेवर पाठवून पाहण्याची ही पद्धत महसूल खात्याने अद्याप स्वीकारलेली नाही, आणि दूरदृष्टीनेच स्वीकारलेली नाही.

क्वचित ह्या परीक्षेत भलताच प्रकार घडतो. रिंगा अगदीच गेलेल्या इंजिनात ऑइलचा अंश हवेच्या वाटेने आत ओढला जाऊन तेच इंधन म्हणून जळू लागते, आणि मग इंजिन ‘पळते’. स्टॉपची तार ओढा, डिझेलचा नळ बंद करा, किल्ली काढून खिशात घाला. ते आता कोणाच्याही हुकमाखाली नसते, स्वतःचेच रक्त पिऊन वाढत्या वेगाने किंचाळत राहते. अशा प्रसंगी मालक, विक्रेता, चहावाला आणि दलाल हे चौघे चार दिशांना ज्या चपळाईने अंतर्धान पावतात, ती एरवी त्यांच्या देहयष्टीकडे पाहून संभवनीय वाटत नाही. गॅरेजातील सर्वांत लहान पोऱ्या तेवढा एक गोणपाट घडी करून हवेच्या तोंडावर दाबतो, इंजिन गुदमरून थांबते, आणि चार दिशांनी परत आलेले चौघे ‘आपल्याला हे आधीच कळले होते’ असे परस्परांस सांगू लागतात. विक्रेता मात्र अशा वेळीही म्हणतो : बघा, पिकअप किती आहे!

इतके सर्व झाल्यावर इंजिनाचा निकाल लागला असे कोणास वाटेल. परंतु उस्तादांचा अखेरचा प्रश्न इंजिनाला नसून मालकाला असतो, आणि माझ्या मते समग्र परभणी जिल्ह्यातील यांत्रिक तत्त्वज्ञान त्या एका प्रश्नात सामावलेले आहे : “ह्याचं हेड गॅस्केट जिंतुरात भेटतं का?” शहरातील विद्वान लोक ज्याला विश्वासार्हता म्हणतात ती त्यांना इंजिनाच्या अंगी असलेला एखादा गुण वाटतो, आमच्याकडे ती इंजिन आणि सुट्या भागांचे दुकान यांमधील अंतरावर अवलंबून असते. कुर्ल्याहून आणलेले जपानी इंजिन पाच वर्षे तक्रार करणार नाही हे मान्य. पण सहाव्या वर्षी, ऐन सोयाबीनच्या काढणीत, त्याचा एक सील फुटला, की तो सील मुंबईत आहे, मुंबईतला दुकानदार उद्या येणार आहे, आणि तो येईपर्यंत जीप बांधावर उभी असून तिच्यात कोंबडी अंडी घालते आहे. उलट मॅटॅडोरचे इंजिन वर्षातून दोनदा रुसेल. पण त्याच्या रिंगा परभणीत, बेअरिंग गंगाखेडात, आणि रविवारीही मागच्या दाराने उघडणारा दुकानदार मानवतात. जे वारंवार बिघडते आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त होते त्याला आमच्याकडे भरवशाचे म्हणतात; जे कधीच बिघडत नाही त्याच्याकडे लोक थोड्या संशयानेच पाहतात.

इंजिन बसवणे हा त्या मानाने हातांचा विषय. जीपच्या गिअरबॉक्सची भोके आणि परक्या इंजिनाची भोके एकमेकांस ओळख देत नाहीत म्हणून दोहोंमध्ये लेथवर कातलेली जाड प्लेट घालावी लागते. ती केसभर तिरकी बसली तर क्लच महिन्यात जातो. डिझेलचे धूड जड, म्हणून पुढे एक पाटा वाढवावा लागतो. आणि दातांचे प्रमाण तसेच ठेवले तर निराळीच गंमत होते : जुन्या जीपच्या एक्सलचे प्रमाण ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास इंजिनाचे सव्वापाचाहून अधिक फेरे. ट्रॅक्टरच्या जातीचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या सुमारास समाधान पावणारे असल्यामुळे अशी जीप ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे जाण्यास तत्त्वतः नकार देते. ज्यांनी आमचे रस्ते पाहिले आहेत त्यांना ह्यात सुरक्षिततेची योजनाच दिसेल.

कायद्याचे काय, असे एखादा पापभीरू वाचक विचारील. १९३९ च्या मोटार कायद्यात कलम ३२ आणि १९८८ च्या कायद्यात कलम ५२ ही ह्याच विषयावर असून, नोंदणी-दाखल्यातील तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने मंजुरीवाचून करू नये, हा त्यांचा मूळ आशय. २००० सालच्या दुरुस्तीने हा पाश अधिक आवळला आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ उत्पादकाच्या तपशिलापलीकडे जाणारे बदल चालणार नाहीत असा निवाडा दिला. तरीही परभणीच्या एम. एच. २२ क्रमांकाच्या कित्येक जुन्या जीपा कागदोपत्री आमरण पेट्रोलवरच चालत आल्या. असल्या जीपचे बॉनेट तपासनिसाने उचललेच, तर मालक त्यात डोकावून स्वतःच इतके आश्चर्य व्यक्त करतो, की तपासणाऱ्यालाच त्याचे सांत्वन करावेसे वाटते.

२०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलच्या दरावरचे सरकारी नियंत्रण उठले, दोन्ही दरांतली दरी बुजत आली, आणि ह्या व्यवसायाचे मूळ प्रयोजनच संपले. पण व्यवसाय संपला नाही, कारण प्रयोजन संपल्याने बंद पडणारे व्यवसाय आमच्याकडे मुळातच कमी. आता अपघातातल्या बोलेरो आणि स्कॉर्पिओंची इंजिने येतात. त्यांच्या हेडवर तळहात ठेवून काही कळत नाही, धूर जवळजवळ नाहीच, आणि नोझलच्या पाइपाचे नट सैल करू गेल्यास त्यातील प्रचंड दाबाचे तेल बोटाच्या आरपार जाईल म्हणून उस्ताद पोऱ्यांना त्याच्या जवळही फिरकू देत नाहीत. तपासणीला नांदेडहून लॅपटॉपवाला मुलगा बोलावतात. तो पाव तासात एक कागद वाचून दाखवतो आणि उस्तादांच्या आठवड्याच्या कमाईइतके पैसे घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत जातो. विक्रेता मात्र तोच, ताडपत्री तीच, आणि डॉक्टरही तेच. भाव ठरतो, इसार दिला जातो, इंजिन टेम्पोत चढते, दोर आवळले जातात. आणि मग विक्रेता खिशातून हात बाहेर न काढता हळूच सांगतो, की इंजिन कम्प्लीट आहे, त्यात शंकाच नको. फक्त त्याचा तो संगणकाचा डबा, वायरिंग आणि किल्ली ह्यांचा हिशेब वेगळा.